बिऱ्हाड भिवंडीला, आपण कऱ्हाडला: सामान गोदामात ठेवून छोट्या कॉलेजच्या गावी जाताना

बायकोला एम.डी.ची जागा कऱ्हाडला मिळाली तेव्हा आम्ही भांडुपला भाड्याच्या वन बीएचकेत राहत होतो. रुजू व्हायला नऊ दिवस होते. घरात आठ वर्षांच्या संसाराचं सामान, त्यात आजोबांचं सागवानी कपाट आणि गेल्या कित्येक वर्षांत कोणी न वाजवलेली पेटी. कऱ्हाडला दोन खोल्यांवर जागा परवडणार नव्हती आणि तीन वर्षांनी मुंबईला परतायचं होतं. कोणीतरी म्हणालं, गोदामात ठेवा की. ठेवलं. त्या तीन वर्षांत काय चुकलं आणि काय जमलं ते इथे क्रमाने लिहितो. तुमचं गाव कऱ्हाड नसेल, सांगली असेल, लोणी असेल, वर्धा असेल. गावाचं नाव बदलून वाचा, बाकी फारसा फरक पडत नाही.

१. टेम्पोवाल्याला फोन करण्याआधी वही काढा

पॅकर्सचा माणूस येतो, घरावरून नजर फिरवतो आणि म्हणतो, "सगळं बसेल साहेब." बसतंच. पण बसल्या जागी ते दर महिन्याला भाडं खातं.

समजा, तुम्हाला महिन्याला २,५०० रुपये दर सांगितला. ३६ महिन्यांचे ९०,००० झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी १६,२००. एकूण १,०६,२००. दर सांगताना जीएसटीचं नाव बहुतेक कोणी काढत नाही, ते बिलावर उगवतं. नेण्या-आणण्याचा टेम्पो आणि हमाली यात धरलेली नाही.

आता ही रक्कम वस्तूंवर वाटून टाका. कुठली वस्तू किती जागा अडवते त्या हिशेबाने. आमचा तीन जणांचा सोफा साधारण एक षष्ठांश जागा खात होता. वरच्या दराने त्याचं तीन वर्षांचं भाडं १७,७०० रुपये. हाच सोफा विकायला काढला तेव्हा कोणी सहा हजारांच्या वर जात नव्हतं, म्हणून "एवढ्या कमी पैशात कशाला द्यायचा" असं म्हणत आम्ही तो ठेवला. मी अकाउंट्समध्ये काम करतो, हे इथे सांगायला लाज वाटते.

हिशेब झाला की तीन ढीग करा: बरोबर न्यायचं, ठेवायचं, काढून टाकायचं.

ठेवायच्या लायकीचं सामान फार थोडं असतं. अस्सल लाकूड, पुस्तकं, शिलाई मशीन, तांब्या-पितळेची मोठी भांडी, आणि ज्याची किंमत पैशात होत नाही असं काहीतरी. पार्टिकल बोर्डाचं फर्निचर ठेवू नका. एकदा उघडून परत जोडलं की त्यात स्क्रू नीट धरत नाहीत, म्हणजे भाडंही जातं आणि पलंगही. कापसाच्या गाद्या ओल धरतात, त्या देऊन टाका. इन्व्हर्टरची बॅटरी, गॅस सिलिंडर, रंगाचे डबे, धान्य आणि पेट्रोल हे सहसा कोणी ठेवून घेत नाही. दागिने, रोकड आणि मूळ कागदपत्रं तुम्हीच ठेवू नका.

नातेवाइकांच्या पोटमाळ्याचाही पर्याय निघेल. डोंबिवलीच्या आत्याकडे ठेवू, असं आईचं म्हणणं होतं. आत्याचा माळा फुकट खरा, पण दर दिवाळीला त्याचं व्याज द्यावं लागलं असतं.

२. गोदाम डोळ्यांनी बघा

मुंबईच्या आसपास दोन तऱ्हा सापडतात. शहरातल्या सेल्फ स्टोरेजमध्ये लहान खोली किंवा लोखंडी लॉकर मिळतो. कुलूप तुमचं, किल्ली तुमची, त्यांच्या वेळेत कधीही जा आणि उघडा. चौरस फुटाचा दर अर्थातच मुंबईचा. दुसरी तऱ्हा भिवंडी, तळोजा, पनवेलकडच्या मोठ्या गोदामांची. तिथले लोक सामान घरून बांधून नेतात, पॅलेटवर (जमिनीपासून उचललेल्या फळ्यांच्या चौकटीवर) रचतात आणि नंबर घालून ठेवतात. हे स्वस्त पडतं. मात्र मध्येच एखादा खोका हवा असेल तर दोन-तीन दिवस आधी कळवावं लागतं आणि काढून देण्याचे वेगळे पैसे पडतात. सहा महिन्यांसाठी जाणार असाल किंवा सारखं काही काढावं लागणार असेल तर पहिली तऱ्हा घ्या. तीन वर्षं ढुंकून बघायचं नसेल तर दुसरी.

दोन्हींत जबाबदारीचाही फरक आहे. सामान त्यांच्या ताब्यात दिलं असेल, तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे त्यांनी ते शहाणा माणूस स्वतःच्या वस्तू जपेल तितकं जपायला हवं. कुलूप तुमचंच असेल तर ते म्हणतात, आम्ही फक्त जागा दिली, आत काय होतं ते आम्हाला काय ठाऊक. नुकसान झालं की या एका मुद्द्यावर सगळी भांडणं होतात.

फोटोवर विश्वास ठेवू नका. भिवंडीपर्यंत जा, आणि जमलं तर पावसात जा. मी पहिलं गोदाम फोटो बघून जवळजवळ पक्कं केलं होतं. गेलो तर शटर उघडताच ओल्या गोणपाटाचा वास आला. तिथूनच मागे फिरलो.

काय बघायचं ते सांगतो. सामान जमिनीवर टेकलेलं आहे की पॅलेटवर. छताच्या पत्र्याखाली भिंतीवर पाण्याचे ओघळ आहेत का. उंदीर पकडायचे पिंजरे दिसले तर घाबरू नका, ते लावलेत हे बरंच आहे. आग विझवण्याच्या सिलिंडरवर पुढच्या तपासणीची तारीख वाचा. शेजारच्या गाळ्यात काय आहे ते विचारा, कारण भिवंडीत गोदामांना आगी लागतात आणि शेजारी केमिकलचे ड्रम किंवा प्लॅस्टिकचा माल असेल तर तुमच्या काळजीला काही अर्थ राहत नाही. तळमजला शक्यतो घेऊच नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि त्या दिवशी तळमजल्यावर ज्यांचं काही होतं ते आजही त्याबद्दल बोलतात.

३. करार वाचा, निदान ही पाच वाक्यं तरी

पहिलं, लॉक-इन किती महिन्यांचं आहे, म्हणजे किती महिने मध्येच सोडता येणार नाही. दुसरं, भाडं दरवर्षी किती टक्क्यांनी वाढणार. आम्हाला तोंडी "वाढ नाही" सांगितलं होतं, कागदावर दहा टक्के होती, आणि कागदच खरा ठरला. तिसरं, विमा. "सामान इन्शुअर्ड आहे" या वाक्याला अर्थ नाही. कोणत्या कंपनीचा, किती रकमेपर्यंत, आग आणि चोरीबरोबर पुराचं पाणी धरलंय का, आणि वाळवी-उंदीर-बुरशी वगळली आहे का, हे विचारा. शेवटचं बहुतेक वगळलेलंच असतं. चौथं, हप्ता थकला तर किती दिवसांनी सामान विकायचा अधिकार ते घेतात. हे कलम असतंच, त्यामुळे भाडं बँकेतून आपोआप जाईल अशी सोय करा आणि कराराला ज्या ईमेल-मोबाइलचा पत्ता दिला तो तीन वर्षं चालू ठेवा. पाचवं, सामान बाहेर काढताना काय आकारणार. आत घेताना गोडीगुलाबी असते, "आउटवर्ड हँडलिंग" नावाची ओळ शेवटच्या बिलात येते.

४. कागदपत्रं

एका फाइलमध्ये ठेवा, आणि ती फाइल सामानात बांधू नका. हसू नका, आमची गेली होती.

- आधार, पॅन आणि दोन फोटो
- मुंबईच्या घराचा लिव्ह अँड लायसन्स करार आणि शेवटचं वीजबिल
- सोसायटीचं सामान हलवण्याचं परवानगीपत्र
- प्रवेशपत्र किंवा कॉलेजचं रुजू होण्याचं पत्र
- गोदामाचा करार, डिपॉझिटची पावती, जीएसटी क्रमांक असलेलं बिल
- दोन्ही बाजूंनी सही केलेली सामानाची यादी
- टेम्पोची बिल्टी (माल वाहून नेण्याची पावती)
- गाडीचं आरसी, विमा, पीयूसी

५. सामान बांधणं

कॉलेजांचे प्रवेश आणि पाऊस आपल्याकडे एकदमच येतात. म्हणजे मुंबईतली सगळ्यात दमट हवा खोक्यात बंद करून तुम्ही तीन वर्षं ठेवणार आहात. या विभागाला घाई करू नका.

लाकूड कोरड्या फडक्याने पुसा आणि एखादा दिवस उघडीप मिळाली तर खिडकीजवळ हवा खाऊ द्या. त्यावर जुन्या चादरी किंवा सुती साड्या, मग पुठ्ठा. पॅकर्सची पोरं हातात ती चमकदार स्ट्रेच फिल्म घेऊन येतात आणि कपाटाला ममीसारखं गुंडाळतात. प्रवासापुरतं ठीक आहे. गोदामात पोचल्यावर लाकडावरची फिल्म फाडायला लावा, नाहीतर आतली ओल बाहेर पडत नाही. आजोबांच्या कपाटाच्या पाठीवर जी पांढरी बुरशी आली ती यामुळेच. सुदैवाने सागवान होतं, पुसून निघालं.

फ्रीज ठेवायचाच असेल तर एक दिवस आधी बंद करा, बर्फ पूर्ण वितळू द्या, आतून पुसून घ्या. दार बंद करून ठेवू नका. मध्ये कापडाची गुंडाळी अडकवून बोटभर फट ठेवा आणि दोरीने बांधा. फ्रीज कायम उभाच. पुढून दार असलेलं वॉशिंग मशीन असेल तर ड्रम घट्ट धरणारे ट्रान्झिट बोल्ट मागून लावावे लागतात. ते मशीन आलं तेव्हा मिळालेले असतात आणि स्वयंपाकघराच्या कुठल्यातरी खणात पडलेले असतात. एसी काढायला माहितगार माणूस बोलवा. गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून बंद करूनच पाइप सोडवायचे असतात. घाईत कोणी नुसतेच पाइप कापले तर परत गॅस भरण्याचा खर्च तुमच्या डोक्यावर.

पुस्तकं मोठ्या खोक्यात भरू नका. ज्या खोक्यात बारा बिसलेरी बाटल्या येतात तेवढाच घ्या, हमालाची पाठ आणि खोक्याचा तळ दोन्ही वाचतात. बरोबर वाळलेला कडुलिंबाचा पाला आणि सिलिका जेलच्या पुड्या टाका. ओला पाला टाकलात तर बुरशी तुम्हीच आणली असं समजा. कपड्यांत डांबराच्या गोळ्या कागदात गुंडाळून, कापडाला थेट लागू न देता. भांड्यांना वर्तमानपत्र चालतं, पण तांब्या-पितळेला आधी कापड, कारण ओलसर कागदाचे डाग पडतात. शिलाई मशीनला तेलाचा हात फिरवा.

आता यादी. खोक्याला नंबर घाला, तोही दोन बाजूंना आणि वरती, जाड मार्करने. खोक्यावर "चांदीची भांडी" असं लिहायचं नसतं. नंबर खोक्यावर, तपशील वहीत. प्रत्येक खोका बंद करण्याआधी आतला फोटो काढा आणि त्यात नंबर दिसू द्या. विजेच्या वस्तूंचा सीरियल नंबर टिपा. लाकडी वस्तूंच्या आधीच्या ओरखड्यांचेही फोटो काढा, म्हणजे नवा ओरखडा कुठला यावर वाद उरत नाही. आमचा २३ नंबरचा खोका वहीत नोंदवायचा राहिला. तीन वर्षं वाटायचं, त्यातच काहीतरी महत्त्वाचं असणार. पाटा-वरवंटा निघाला.

६. टेम्पोचा दिवस

सोसायटीच्या सेक्रेटरीला आठवडाभर आधी लेखी कळवा. लिफ्टची वेळ, गाडी कुठे उभी करायची आणि हलवण्याचे पैसे घेतात का, हे विचारून ठेवा. मोठ्या गाड्यांना मुंबईत दिवसा काही वेळ बंदी असते, त्यामुळे आयशर सांगितली असेल तर वेळ पक्की करा. वन बीएचकेतलं निवडक सामान छोट्या हत्तीच्या दोन फेऱ्यांत किंवा एका टाटा ४०७ टेम्पोत जातं.

दर किमान तिघांकडून घ्या आणि तिघांनाही घरी येऊन बघू द्या. फोनवर नुसती यादी ऐकून जो सगळ्यात कमी दर सांगतो, तो गाडी भरून झाल्यावर वाढवतो. अर्धं सामान रस्त्यावर, अर्धं गाडीत, वर ढग, अशा वेळी तुम्ही भांडू शकत नाही, हे त्याला माहीत असतं. आमच्याकडे अशाच एकाने "जकात" आणि "ई-वे बिल" (मालवाहतुकीसाठीची जीएसटीची ऑनलाइन नोंद) असे दोन आकडे लावले होते. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हाच संपली. आणि वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागतच नाही, जीएसटीच्या नियमांत ती सूट स्पष्ट आहे. एवढं शांतपणे म्हटलं की आकडे खाली येतात. सगळे पैसे आगाऊ देऊ नका. बिल्टीवर गाडीचा नंबर, खोक्यांची संख्या आणि ठरलेला दर असल्याशिवाय गाडी हलू देऊ नका. आणि एकाने तरी गाडीबरोबर गोदामापर्यंत जावं. काही बिनसलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

७. गावी जागा शोधणं

कऱ्हाड मुंबईपासून सुमारे ३०० किलोमीटर. सीएसएमटीहून सकाळी कोयना एक्स्प्रेस, रात्री महालक्ष्मी. स्टेशन गावात नाही, ओगलेवाडीच्या बाजूला आहे (हो, प्रभाकर कंदील बनवणारे ते ओगले). पहाटे उतरलात तर रिक्षाचं आधी ठरवून ठेवा.

अशा गावांत भाड्याची बाजारपेठ कॉलेजच्या तारखांवर चालते. पहिली प्रवेशफेरी लागली की आठ दिवसांत बऱ्या खोल्या संपतात. आणि प्रत्येक कॉलेजभोवती वेगळं गाव असतं. कऱ्हाडला १९६० चं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय कृष्णेपलीकडे विद्यानगरला, तर वैद्यकीय महाविद्यालय हायवेवर मलकापूरला. मुंबईच्या सवयीने "दहा मिनिटांचं तर अंतर" म्हणून आम्ही विद्यानगरची खोली बघायला गेलो होतो. रात्री दोनला ड्यूटी संपवून पूल आणि हायवे ओलांडून येणारी बायको डोळ्यांसमोर आणली आणि मलकापूरलाच शोधली.

पहिले आठ-दहा दिवस लॉजवर किंवा ओळखीच्यांकडे काढा आणि मग खोली घ्या. ऑनलाइन जाहिराती कमीच. चहाची टपरी, झेरॉक्सवाला, खानावळीच्या मावशी आणि सीनियर मुलं, यांच्याकडे खरी यादी असते. खोलीवर "फक्त मुलांना" किंवा "फक्त फॅमिलीला" असं लिहिलेलं असलं तरी मालकांशी बोलून बघा. आमच्या मालकांनी, म्हणजे काकांनी, आधी आडनाव, मग मूळ गाव, मग जेवणात काय चालतं ते विचारलं आणि मगच भाडं सांगितलं. मुंबईकराला हे खटकतं. पण याच काकांनी पहिल्या आठवड्यात आम्हाला दूधवाला, इस्त्रीवाला आणि वायरमन, तिघंही मिळवून दिले.

खोली बघताना पाणी किती वाजता येतं आणि टाकी किती लिटरची, हे विचारा. वीजमीटर वेगळा आहे की मालक युनिटप्रमाणे घेतात. खिडकीत उभं राहून मोबाइलला रेंज येते का बघा, आणि घरून काम करत असाल तर त्या गल्लीत फायबर आहे का, हे शेजाऱ्याला विचारा, कंपनीला नाही.

करार कराच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. छोट्या गावात "आपल्यात कशाला कागद" असं प्रेमाने म्हणतात. मुद्रांक शुल्क भाडं आणि डिपॉझिटवरचं मानीव (म्हणजे गृहीत धरलेलं) व्याज मिळून ०.२५ टक्के, म्हणजे अकरा महिन्यांच्या करारात काही शे रुपयेच. आधार आणि अंगठ्यावर नोंदणी ऑनलाइन होते. खर्च मी करतो म्हटलं की काका तयार होतात. पुढे बँक, गॅस, इंटरनेट, सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून हाच कागद चालतो.

८. पहिल्या महिन्यातली कामं

मुंबईत पाइपचा गॅस असेल तर तुमची शेगडी सिलिंडरवर तशीच लावू नका. पाइप गॅसचं नोझल मोठं असतं. मेकॅनिककडून नोझल बदलून घ्या. नवं कनेक्शन मिळेपर्यंत पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. मुंबईत सिलिंडरच होता, तर निघण्याआधी एजन्सीत तो आणि रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या. डिपॉझिट परत मिळतं आणि नव्या गावी त्याच कागदावर कनेक्शन उघडतं.

दुचाकी रेल्वे पार्सलने पाठवायची असेल तर टाकी रिकामी करावी लागते आणि आरसीची प्रत लागते. राज्यातल्या राज्यात असल्याने रोड टॅक्स पुन्हा नाही, पण आरसीवरचा पत्ता ३० दिवसांत बदलायचा असतो. कऱ्हाडचं पासिंग एमएच-५०. मतदार यादीतलं नाव हलवायला फॉर्म ८.

९. वर्षातून एकदा भिवंडी, आणि शेवटी परत

मुंबईची फेरी असेल तेव्हा दिवाळीनंतर एकदा गोदामात जाऊन या. पाऊस संपलेला असतो आणि त्याने केलेलं नुकसान ताजं असतं. दोन खोके उघडा, लाकडाच्या पाठीमागे हात फिरवा, सिलिका जेलच्या पुड्या बदला. पॅलेट जागेवरून हलवलं असेल तर का, ते विचारा. आमचं एकदा शटरच्या तोंडाशी सापडलं. कोणाचा तरी नवा माल आत गेला होता.

परत येताना नोटीस लेखी द्या, ईमेलवर, आणि पावसाच्या महिन्यांत डिलिव्हरी टाळा. सामान नव्या घरी आल्यावर डिलिव्हरीच्या कागदावर "सर्व सुस्थितीत मिळाले" असं आधीच छापलेलं असतं आणि पोरांना पुढच्या ठिकाणी जायची घाई असते. त्यांना चहा द्या, बसवा. वही काढा, नंबर टाका, मोठ्या वस्तू उघडून बघा. खोके सगळे उघडणं शक्य नसेल तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: "खोके न उघडता स्वीकारले, आतील सामान तपासणे बाकी." त्या कागदाचा फोटो काढा, मगच गाडी सोडा. डिपॉझिट परत मिळेपर्यंत ती वही टाकू नका.